नाताळ आला, माझी वेळ कधी येणार?

डिसेंबरच्या अंकासाठी आलेल्या पत्रांत यंदा एक वाक्य पुन्हापुन्हा भेटलं : ‘देवाची वेळ परिपूर्ण असते.’ कुणी ते स्वतःला धीर द्यायला लिहिलं आहे, कुणी दुसऱ्यांकडून ऐकून ऐकून वैतागून. माझा या वाक्यावर विश्वास आहे. म्हणूनच ते कुणाच्या तोंडावर दार लावल्यासारखं वापरलं गेलं की मला फार वाईट वाटतं. तीन पत्रं घेतली आहेत. पहिल्याला जागा जास्त लागली, आणि ती द्यायलाच हवी होती.

प्रश्न : सिस्टर, जय ख्रिस्त. माझं वय ३४. लग्नाला नऊ वर्षं झाली, मूल नाही. डिसेंबर लागला की माझ्या पोटात गोळा येतो. संडे स्कूलचं नाताळचं नाटक दरवर्षी माझ्याकडे असतं. मरीया होणाऱ्या मुलीच्या डोक्यावर निळी ओढणी मीच घालते, गव्हाणीत बाहुलीही मीच ठेवते. करंज्या करायला महिला मंडळाच्या बायका जमल्या की कुणीतरी विचारतंच, “काय गं, यंदा तरी?” मी गप्प राहिले की म्हणतात, “विश्वास ठेव, देवाची वेळ परिपूर्ण असते.” डॉक्टरांनी टेस्ट ट्यूब बेबीचं सुचवलं आहे. सासूबाई म्हणतात, तो देवावरचा अविश्वास. बायबलमधल्या साराला नव्वदाव्या वर्षी झालं, तू प्रार्थना कर. खरं सांगू? मला आता प्रार्थनाच करता येत नाही. यंदा नाटक घेऊ नये, चर्चलाही जाऊ नये असं वाटतं. माझा विश्वास कमी पडतोय का?
— एक बहीण, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : नाही बाळ, तुझा विश्वास कमी पडलेला नाही. हे मी तुझं मन राखायला म्हणत नाही. शास्त्र उघड आणि शुभवर्तमान, म्हणजे येशूचं चरित्र, लिहिणाऱ्या लूकने त्याच्या जन्माची गोष्ट कुठून सुरू केली आहे ते बघ. बेथलेहेमपासून नाही, मेंढपाळांपासून नाही. तो सुरुवात करतो ती जखऱ्या आणि अलीशिबा या मूल नसलेल्या, वय झालेल्या जोडप्यापासून. आणि आधी काय सांगतो? दोघंही देवाच्या दृष्टीने नीतिमान होते, त्याच्या आज्ञा निर्दोषपणे पाळत होते. हे सांगून झाल्यावर मग म्हणतो की त्यांना मूल नव्हतं. मूल नाही म्हणजे कुठंतरी काहीतरी चुकलं असेल, विश्वासात खोट असेल, ही कुजबूज त्या काळीही गावोगाव होतीच. लूकने ती पहिल्याच पानावर बंद केली. आपल्या मंडळ्यांत ती अजून चालते, हे दुःख आहे.

आता प्रार्थनेचं. जखऱ्या मंदिरात होता तो मूल मागायला गेला म्हणून नाही. त्याच्या वर्गाची सेवेची पाळी होती आणि धूप जाळायची चिठ्ठी त्याच्या नावाची निघाली होती. देवदूत त्याला सांगतो, तुझी विनंती ऐकली गेली आहे. आणि जखऱ्याचा विश्वासच बसत नाही! मी म्हातारा, बायकोचं वय झालेलं, हे कसं होईल, असं तो विचारतो. मला वाचताना नेहमी वाटतं, ती विनंती त्याने कैक वर्षांपूर्वीच सोडून दिली असणार. त्याने सोडली होती, देवाने सोडली नव्हती. तेव्हा तुझ्या तोंडून आज शब्द निघत नसतील तर नसू देत. स्तोत्रांच्या पुस्तकातलं तेरावं स्तोत्र काढ. ‘हे परमेश्वरा, कुठवर?’ या प्रश्नानेच ते सुरू होतं. तेवढंच वाचून पुस्तक मिटलंस तरी चालेल. आणि काही दिवस तुझ्यासाठी दुसऱ्या कुणाला तरी प्रार्थना करू दे. मी तुझं पत्र आले त्या रात्रीपासून करते आहे.

सासूबाई साराचं सांगतात. साराला नव्वदाव्या वर्षी इसहाक झाला, खरं आहे. पण त्याच घराण्यातली राहेलही शास्त्रात आहे. ‘मला मुलं दे, नाहीतर मी मरेन,’ असं ती नवऱ्याला म्हणाली होती, आणि दुसऱ्या बाळंतपणात, एफ्राथच्या म्हणजे बेथलेहेमच्याच वाटेवर गेली. एकीची गोष्ट उचलून दुसरीच्या पदरात घालता येत नाही. सासूबाईंवर रागावू नकोस. त्यांनाही नातवंड हवं आहे आणि तेवढी एकच गोष्ट त्यांच्या हाताशी आहे.

मी तुला आणखी एका बाईकडे बघायला सांगणार आहे. लूकच्या दुसऱ्या अध्यायात, बाळ येशूला मंदिरात आणतात तिथे हन्ना संदेष्ट्री भेटते. लग्नानंतर सातच वर्षं नवऱ्याची सोबत मिळाली, मग वैधव्य. चौऱ्याऐंशीचा आकडा लूक देतो, इतकं दीर्घ. तिला मूलबाळ होतं असं तो सांगत नाही. तिचं दुसरं लग्न झालं असंही नाही. ती त्याच घटकेला तिथे येते, दुसरीच्या कडेवरचं मूल बघते, देवाचे आभार मानते आणि वाट बघणाऱ्या सगळ्यांना त्या बाळाविषयी सांगत सुटते. अलीशिबा या गोष्टीच्या सुरुवातीला आहे, हन्ना शेवटाकडे. एकीची कूस भरली. दुसरीची भरल्याचं लिहिलेलं नाही. दोघीही देवाच्या वेळेतच होत्या. तू अलीशिबा आहेस की हन्ना, हे मला ठाऊक नाही, महिला मंडळातही कुणाला ठाऊक नाही. ‘देवाची वेळ परिपूर्ण’ याचा अर्थ ‘तुला मूल होणारच’ असा कुणी लावत असेल तर तो त्यांच्या पदरचा आहे. मला त्याचा अर्थ एवढाच कळतो, की तू वाट बघतेस तो काळही देवाने मोजणीतून वगळलेला नाही, आणि त्या काळात तू एकटी नाहीस.

आता उपचारांचं. इथे मी सिस्टर, म्हणजे नर्स म्हणून बोलते. माझी सगळी नोकरी प्रसूती विभागात गेली. कळा सुरू झालेल्या बाईजवळ थांबणं म्हणजे हात बांधून बसणं नसतं. पोटावर हात ठेवून कळा मोजायच्या, बाळाचे ठोके ऐकायचे, दर अर्ध्या तासाला पार्टोग्राफवर, म्हणजे प्रसूतीच्या तक्त्यावर, नोंद करायची, आईची पाठ चोळायची, घोटभर पाणी द्यायचं. सगळं नीट चाललं असेल तर घाई करायची नाही, उगाच ओढाताण करायची नाही. पण ठोके मंदावले की त्या क्षणी डॉक्टरांना हाक मारायची. तिथे ‘देवाची वेळ येऊ दे’ म्हणत जी बसेल तिच्या हातून बाळ जाईल. देवाची वाट बघणं मी त्या खोलीत शिकले, आणि ते असं डोळे उघडे ठेवून बघणं आहे.

तेव्हा डॉक्टरकडे जाणं हा अविश्वास नाही. प्रेषित पौलाने आपल्या पत्रात लूकला ‘प्रिय वैद्य’ म्हटलं आहे. जन्माची ही गोष्ट सगळ्यात बारकाईने आपल्याला सांगितली ती एका वैद्याने, हे सासूबाईंना जरूर सांग.

तू लिहिलं नाहीस म्हणून विचारते : नऊ वर्षांत मिस्टरांची तपासणी झाली का? वीर्यतपासणी ही सगळ्यात सोपी आणि स्वस्त तपासणी, आणि आपल्याकडे ती सगळ्यात शेवटी होते. कितीतरी जोडप्यांत कारण पुरुषाकडे किंवा दोघांकडे असतं, तरी सुया बाईलाच टोचतात. तुझ्या गर्भनलिका मोकळ्या आहेत का हे पाहिलं का? आपल्या देशात गर्भाशयाच्या, नलिकांच्या क्षयरोगाने मूल न होणं हेही काही दुर्मीळ नाही, आणि तो बाहेरून कळत नाही. हे सगळं विचार. पस्तिशीनंतर स्त्रीबीजांची संख्या आणि प्रत दोन्ही झपाट्याने उतरतात, म्हणून निर्णय काहीही घ्या, पण तो रेंगाळत ठेवू नका. टेस्ट ट्यूबचा विचार असेल तर केंद्र अशा उपचारांसाठीच्या २०२१ च्या कायद्याखाली नोंदणी झालेलं आहे का हे पाहा. तुझ्या वयात, तुझ्या रिपोर्टवर यशाची शक्यता किती, एका खेपेचा सगळा खर्च किती, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. किती खेपा करायच्या आणि किती पैसा घालायचा हे दोघांनी आधी ठरवा, मध्यावर नाही. आशा माणसाला जमीन विकायला लावते, मी पाहिलं आहे. (कॅथलिक भगिनींनी लक्षात घ्यावं की त्यांच्या धर्मसभेची शिकवण या पद्धतीच्या विरोधात आहे. त्यांनी फादरांशी बोलून ठरवावं. इतर तपासण्या आणि औषधोपचारांना तशी आडकाठी नाही.)

दत्तक घेण्याबद्दल तू विचारलेलं नाहीस, आणि ‘मूल होत नाही तर दत्तक घ्या’ असं फटकन म्हणणंही मला आवडत नाही. दत्तक मूल म्हणजे काही बदली खेळाडू नव्हे. पण माहिती असू दे. पूर्वी ख्रिस्ती जोडप्यांना १८९० च्या कायद्याने फक्त पालकत्व मिळायचं, मूल कायद्याने ‘आपलं’ होत नसे. आता बाल न्याय कायद्याखाली कोणत्याही धर्माच्या माणसाला पूर्ण हक्कांसह दत्तक घेता येतं. नोंदणी केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या, म्हणजे ‘कारा’च्या पोर्टलवरच करायची, दुसऱ्या कुणामार्फत नाही. तिथेही प्रतीक्षायादी लांब आहे. मनात असेल तर उपचार थांबायची वाट न बघता दोघं त्याबद्दल बोला.

नाटक यंदा सोड. पाळकबाईंना स्पष्ट सांग की या वर्षी मला जमणार नाही. कारण सांगायचं की नाही ते तुझं तू ठरव. अलीशिबा दिवस गेल्यावरसुद्धा पाच महिने लोकांपासून दूर राहिली होती. आपलं सुख-दुःख कधी, कुणाला सांगायचं याचा हक्क बाईचाच. करंज्यांच्या वेळी कुणी विचारलंच तर म्हण, “मावशी, सांगायसारखं असेल तेव्हा मीच सांगेन.” एवढंच, आणि लाटणं चालू ठेव. आणि बायांनो, तुम्ही हे वाचत असाल तर तिला विचारू नका. ती विसरलेली नाही, तुम्ही आठवण करून द्यायची गरज नाही.

चर्चला मात्र जा. मागच्या बाकावर बस, मध्येच उठून यावंसं वाटलं तर ये. नाताळ फक्त हसऱ्या माणसांचा आहे असं कुणी ठरवलं? मत्तयाने आपल्या शुभवर्तमानात त्याच गोष्टीत हेरोद राजाने मारलेली बेथलेहेमची बाळं लिहिली आहेत, आणि राहेल मुलांसाठी रडते, समजूत घालू देत नाही, हे यिर्मयाचं वचनही लिहिलं आहे. कॅथलिक बंधुभगिनी २८ डिसेंबरला, नाताळच्याच आठवड्यात, त्या बाळांचा दिवस पाळतात. आमच्या नाटकांत हा भाग कुणी घेत नाही. शास्त्रातून तो कुणी काढलेलाही नाही. रडणाऱ्या बाईला तिथे जागा आहे.

प्रश्न : आमच्या वर्गात एका मित्राने विचारलं की येशूचा जन्म २५ डिसेंबरला झालाच नाही, मग तुम्ही कशाला पाळता? मला उत्तर आलं नाही. तारीखच माहीत नसेल तर ‘देवाने ठरलेल्या वेळी पाठवलं’ असं कसं म्हणायचं?
— इयत्ता दहावीचा विद्यार्थी, जालना

उत्तर : प्रश्न चांगला आहे, मित्राचाही. चारही शुभवर्तमानांत जन्माची तारीख नाही. रोममध्ये २५ डिसेंबर पाळत असल्याची जुनी नोंद इ.स. ३५४ च्या एका कालदर्शिकेत सापडते. आर्मेनियन मंडळी ६ जानेवारीला जन्म पाळते. रशियातली ऑर्थोडॉक्स मंडळी अजून जुन्या जूलियन कॅलेंडरने चालते, म्हणून त्यांचा नाताळ आपल्या ७ जानेवारीला येतो. सनाचंही तसंच. सहाव्या शतकात डायोनिसियस नावाच्या मठवासीने ख्रिस्तजन्मापासून वर्षं मोजायची पद्धत घातली, पण हेरोद राजा बहुतेक इतिहासकारांच्या मते इ.स.पू. ४ मध्ये मेला. मत्तय म्हणतो येशू हेरोदाच्या हयातीत जन्मला. म्हणजे जन्म त्याच्याही आधीचा.

पौल गलतीकरांना लिहितो की काळाची पूर्णता झाली तेव्हा देवाने आपल्या पुत्राला पाठवलं. तो तारखेबद्दल बोलत नाही. त्या वेळी रोमचे रस्ते होते, भूमध्य समुद्राभोवती ग्रीक भाषा सगळ्यांना कळत होती, यहुद्यांची सभास्थानं दूरदूरच्या शहरांत होती आणि त्यांचं शास्त्र ग्रीकमध्ये आलेलं होतं. पौल स्वतः त्याच रस्त्यांनी, त्याच भाषेत सुवार्ता घेऊन फिरला. पण ही पूर्णता आपल्याला मागे वळून दिसते. मरीयेला त्या दिवशी काय दिसलं असेल? कैसर औगुस्ताने नावनोंदणीचा हुकूम काढला, आणि दिवस भरत आलेले असताना नासरेथहून बेथलेहेमला जावं लागलं. अंतर साधारण नगरहून पुण्याइतकं, ना गाडी ना आजच्यासारखी सडक. तिच्या दृष्टीने याहून अडचणीची वेळ दुसरी नसेल. मित्राला सांग की तारीख आम्हीही नंतर ठरवली आहे. आम्ही तारखेला नमस्कार करत नाही, जो आला त्याला करतो.

प्रश्न : माझं वय ६३, पिंपरीत राहतो, कंपनीतून निवृत्त झालो. थोरल्या मुलाने स्वतः ठरवून दुसऱ्या समाजातल्या मुलीशी लग्न केलं. मी त्या वेळी बोलायला नको ते बोललो. तेव्हापासून तो घरी येत नाही, नात झाली तीही मी पाहिलेली नाही. बायको दर नाताळला त्याच्या वाटणीच्या चकल्या वेगळ्या डब्यात काढून ठेवते. ती म्हणते, फोन करा. मी म्हणतो, देवाची वेळ आली की तो आपण होऊन येईल. आपलं मत काय?
— एक वडील

उत्तर : दादा, वहिनींचं बरोबर आहे.

तुम्ही ज्याला देवाची वेळ म्हणता तो तुमचा संकोच आहे, आणि थोडा मानही. ते स्वाभाविक आहे, पण त्याला देवाचं नाव देऊ नका. उधळ्या मुलाच्या दृष्टान्तात बापाने मुलगा दूर असतानाच त्याला पाहिलं आणि तो धावत गेला. मुलगा दारात येईपर्यंत बाप बसून राहिला नाही. आणि इथे घर सोडायची पाळी मुलावर तुमच्या शब्दांनी आली, असं तुम्हीच लिहिता. नाताळ म्हणजे तरी काय? माणसं देवाकडे येईनात, तेव्हा देव आपण होऊन आला.

वाट बघणं कसं असावं याचं एक उदाहरण आपल्याच घरातलं आहे. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलं. काही वर्षं त्या लहान मुलाला घेऊन वेगळ्या राहिल्या. टिळक त्यांच्याशी संबंध धरून राहिले. पण माझ्या धर्मात ये म्हणून जुलूम केला नाही. पुढे लक्ष्मीबाई नगरला आल्या, टिळकांजवळ राहू लागल्या, आणि १९०० साली त्यांनी स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला. १९१९ साली टिळक गेले तेव्हा येशूच्या जीवनावरचं ‘ख्रिस्तायन’ अर्धवट राहिलं होतं. ज्यांना शाळेत बसून शिकायला मिळालं नाही त्या लक्ष्मीबाईंनी त्याचे ६४ अध्याय रचले. टिळकांनी धीर धरला. तो धरताना नातं मात्र तोडलं नाही. तुमच्या घरात धीर आहे, नातं तुटलेलं आहे.

म्हणून फोन करा. नाताळच्या दिवशी नको, त्या दिवशी गर्दी असते आणि मन भरून आलं की माणूस भलतंच बोलतो. या आठवड्यात, संध्याकाळी तो कामावरून घरी आल्यावर करा. सुरुवातीला ‘तू का येत नाहीस’ म्हणू नका. ‘मी तेव्हा बोललो ते चुकलं,’ हे पहिलं वाक्य. सुनेचं नाव घेऊन तिची चौकशी करा. नातीला बघायचं आहे म्हणा, पण तुम्हीच या असा आग्रह नको. आम्ही दोघं तुमच्याकडे येऊ का, असं विचारा. तो गप्प राहील, कदाचित फोन ठेवेल. ठेवला तर पंधरा दिवसांनी, ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या वॉचनाइट भक्तीनंतर, नवीन वर्षाचा फोन करा. त्यातही तेच म्हणा, लांबण लावू नका. आणि चकल्यांचा तो डबा या वेळी फडताळात ठेवू नका, कुरिअरने पाठवा. पत्ता वहिनींकडे असणार.